खंडेनवमीची कुलपे

मधुसूदनराव गंगाखेडकरांनी मोटारसायकलीसाठी पोर्चमध्ये खड्डा खणायला घेतला, तेव्हा शेजारचे काकासाहेब मधल्या भिंतीवर कोपरे टेकून बराच वेळ नुसते बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही.

"मधुसूदनराव, काय लावताय? लिंबू का पेरू?"

"गाडी."

"लावा, लावा. फक्त पाणी घालायला विसरू नका. दिवाळीपर्यंत दोन-चार पिल्लं फुटतील."

मधुसूदनराव हसले नाहीत, कारण त्यांचे सगळे लक्ष सळईकडे होते. जाड सळई त्यांनी घोड्याच्या नालेसारखी वाकवून आणली होती आणि तिची खालची दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला फाकवली होती. पहार लावून कोणी ती उपटायला गेलेच, तर ती सैल न होता काँक्रीटमध्ये अधिकच अडकावी, असा त्यामागे विचार होता. खड्डाही त्यांनी वर अरुंद आणि तळाशी रुंद घेतला होता. काँक्रीट ओतून त्यावर ओले पोते पसरल्यानंतर, ते पक्के होईपर्यंत त्या कोपऱ्याकडे कोणी पाय वळवायचा नाही, अशी ताकीद घरात सर्वांना मिळाली. घरात सर्व म्हणजे पत्नी सरोजिनीबाई आणि मुलगी मीनाक्षी.

गारखेड्यातल्या त्या रो-हाऊसच्या पोर्चमधूनच ज्येष्ठ महिन्यात मीनाक्षीची पहिली मोटारसायकल चोरीला गेली होती. हँडलचे कुलूप लावलेले होते, फाटकाची कडी घातलेली होती, आणि तरीही सकाळी फरशीवर तेलाचा एक डाग तेवढा शिल्लक होता. पोलीस चौकीत तक्रार झाली, हवालदार येऊन तो डाग बघून गेला, आणि प्रकरण तिथेच थांबले.

मीनाक्षीचे गाडीवाचून पानही हलत नसे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून तिची नेमणूक झाल्टा फाट्याच्या पुढे, आत खेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात होती. बस फाट्यापर्यंत जात असे. तिथून पुढे काळ्या मातीची वाट आणि वाटेवर विखुरलेल्या वस्त्या. स्कूटीचे लहान चाक त्या मातीत रुतते म्हणून तिने हट्टाने मोटारसायकल घेतली होती. चोरीनंतर तिने दुसरी गाडी जुनी पाहून घेतली आणि घरी आणली त्याच दिवशी आईवडिलांना समोर बसवून सांगितले,

"ही शेवटची. हीसुद्धा गेली, तर मी तिसरी घेणार नाही, बाबा. गावातच खोली घेईन. तिथून वस्त्यांवर पायी जाता येतं."

"आणि जेवण?" सरोजिनीबाईंनी विचारले.

"आई, त्या गावात लोक जेवतात."

बोलणे हसण्यावारी गेले, तरी मधुसूदनरावांच्या मनातून ते गेले नाही. मीनाक्षी त्यांची एकुलती एक. संध्याकाळी फाटकाशी गाडीचा आवाज आला, की मगच त्या घरात भाजीला फोडणी पडत असे. जेवताना ती दिवसभराच्या हकिकती सांगे. कोणाच्या बैलाचा खांदा सुजला, कोणाची शेळी युरियाचे पाणी प्यायली, कोणाच्या म्हशीने तिला चिखलात लोळवले. निवृत्तीनंतर मधुसूदनरावांच्या दिवसाला जो काही आकार उरला होता, तो त्या एका आवाजाभोवती होता. तेव्हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होता: ही गाडी घरातून जाता कामा नये, म्हणजे मुलगी घरातून जाणार नाही.

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर काढायची त्यांना सवय होती. गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या टूलरूमला लागले आणि तिथूनच वरच्या पदावर पोचून निवृत्त झाले. चोर आणि झिजणारे यंत्र यांत त्यांना फारसा फरक दिसत नसे. दोघेही सगळ्यांत कमकुवत जागा शोधतात. म्हणून त्यांनी एकही जागा कमकुवत ठेवायची नाही असे ठरवले.

काँक्रीट सुकल्यावर शहागंजातल्या एका जुन्या लोखंडवाल्याकडून त्यांनी साखळदंड आणला. त्याची प्रत्येक कडी कानसून पाहिली, मगच घेतली. साखळदंड जमिनीतल्या सळईतून निघे, मागच्या चाकातून आणि चौकटीतून फिरे आणि पुन्हा सळईपाशी येऊन कुलुपात बंद होई. पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या चकतीला दुसरे कुलूप. हँडलचे तिसरे. पेट्रोलचा कॉक बंद. सगळ्यावर ताडपत्रीचे आवरण, त्याच्या दोरीला चौथे कुलूप. फाटकाला पाचवे. स्टँडखाली लाकडी ठोकळा, कारण गाडी कलली की साखळदंडावर ताण येतो आणि कुलूप उघडायला जड जाते.

चाव्यांसाठी त्यांनी दिवाणखान्यात एक फळी ठोकली आणि तिच्यावर टूलरूमची पद्धत जशीच्या तशी आणली. टूलरूममध्ये प्रत्येक कारागिराजवळ स्वतःचा पितळी बिल्ला असे. हत्यार नेताना बिल्ला त्या हत्याराच्या खुंटीला अडकवायचा, परत केले की बिल्ला काढून न्यायचा. हत्यार कोणाकडे आहे हे भिंतीकडे नुसते पाहून कळायचे. मधुसूदनरावांनी तीन बिल्ले कापून, घासून, चकचकीत करून आणले.

मीनाक्षीने आपला बिल्ला तळहातावर ठेवून पाहिला.

"बाबा, आई गाडी चालवत नाही. तुम्ही चालवत नाही. मग चावी कोणी नेली हे बिल्ला बघून कोणाला कळायचंय?"

"मला."

"माझा बिल्ला कशाला?" सरोजिनीबाई म्हणाल्या. "मी गाडी पळवीन असं वाटतं का?"

"पद्धत म्हणजे पद्धत. ती सगळ्यांना सारखी असते."

"मग सांडशीलाही एक खुंटी ठोका. ती माझ्या हातात नसली की कुठं असते ते मला कधी कळत नाही."

थट्टा झाली तरी व्यवस्था चालू राहिली. कुलपे उघडण्याचा एक ठरलेला क्रम होता आणि तो चुकला तर साखळदंड पुढच्या चाकात अडके. मीनाक्षीच्या हातून तो एकदोनदा चुकला, तेव्हापासून उघडण्याचे काम मधुसूदनरावांनी आपल्याकडेच घेतले. पहाटे कुठल्या वस्तीवरून फोन आला, की ती त्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन हळूच म्हणे, "बाबा, उठता का?" ते उठत, चष्मा शोधत, बिल्ला अडकवत, आणि पोर्चमध्ये गुडघे टेकून एकेक कुलूप काढत. मुलगी हेल्मेट घालून बाजूला उभी असे. खरे सांगायचे तर त्या वेळी त्यांना बरे वाटत असे. निवृत्त माणसाला कोणीतरी कामासाठी उठवते आहे, ही गोष्ट काही थोडी नव्हती.

गणपतीत गल्लीतल्या दोन मोटारसायकली गेल्या. मधुसूदनरावांच्या पोर्चमधली जागची हलली नाही.

"तुमच्या गाडीला बेड्या बघून चोरच म्हणले असतील," काकासाहेबांनी भिंतीवरून सांगितले, "ही तर आधीच पकडलेली दिसती, आपण काहून पकडायची!"

यावर मात्र मधुसूदनराव हसले.

मग नवरात्र बसले आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमी हा मधुसूदनरावांचा सण. दिवाळीला ते कपडे घेत, संक्रांतीला तिळगूळ खात, पण मनापासून पाळत ती खंडेनवमी. टूलरूममध्ये त्या दिवशी सगळी यंत्रे धुऊन-पुसून कोरडी होत, मायक्रोमीटरपासून घणापर्यंत प्रत्येक हत्यार पांढऱ्या कापडावर ओळीने मांडले जाई, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली जात. आणि एकदा हत्यार पूजेला लागले, की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याशिवाय ते उचलायचे नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक रात्र विसावा. एके वर्षी खुद्द कारखान्याच्या व्यवस्थापकांना तातडीने पाना हवा होता, तर मधुसूदनरावांनी त्यांना हात जोडून दुसऱ्या दिवशी यायला सांगितले होते.

निवृत्तीनंतरही घरची हत्यारे ते तशीच मांडत. या वर्षी मांडताना त्यांना वाटले, की यंदा आपल्या घरासाठी सर्वांत जास्त कोण राबले असेल तर ती कुलपे. त्यांनी सगळी कुलपे आणि साखळदंड काढून आणला, रॉकेलने धुतला, पुसला, तेलाचा हलका हात दिला. देवघरासमोर पाट मांडून त्यावर साखळदंड वेटोळे करून ठेवला, भोवती कुलपे, कुलपांवर चाव्या, मागे पाने, पकडी, हातोडी, कानस. मीनाक्षीने दवाखान्याची कात्री आणि सुया आणून ठेवल्या, सरोजिनीबाईंनी विळी आणि सुरी. आरती झाली, नैवेद्य दाखवला. कुंकवाची बोटे लागलेली ती कुलपे समईच्या उजेडात फार सुंदर दिसत होती, आणि मधुसूदनराव त्यांच्याकडे समाधानाने पाहत बसले.

उपवासाचे ताट वाढता वाढता सरोजिनीबाई म्हणाल्या, "अहो, मग आज रात्री गाडीला काय लावणार?"

मधुसूदनरावांचा घास हातात राहिला.

घरातले प्रत्येक कुलूप पाटावर होते. फाटकाचे होते. ताडपत्रीचे होते. हँडलचे कुलूप गाडीतच असले तरी त्याची चावी, म्हणजे गाडीचीच चावी, पाटावर होती आणि हँडल सुटे राहिले होते. आपल्या व्यवस्थेत एकही कमकुवत जागा नाही याचा ज्याला अभिमान, त्याने एका संध्याकाळी स्वतःच्या हाताने सगळ्या जागा मोकळ्या केल्या होत्या, आणि त्याही फुले वाहून.

"बाबा, उचला ना एक," मीनाक्षी म्हणाली. "देव काही म्हणणार नाही."

"देव म्हणणार नाही. पण आयुष्यभर मी दुसऱ्यांना नाही म्हटलं. ते कशाच्या जोरावर?"

"मग काकासाहेबांचं आणा एक."

मधुसूदनराव भिंतीपाशी गेले. काकासाहेबांनी शेतावरच्या विहिरीच्या मोटारीचे मोठे कुलूप आनंदाने पुढे केले. मात्र त्याची एक चावी सालदाराकडे असते आणि दुसरी कुठे पडली ते आठवत नाही, असेही प्रामाणिकपणे सांगितले. ज्या कुलपाच्या चाव्यांचा ठावठिकाणा मालकालाच नाही, ते लावण्यापेक्षा न लावलेले बरे. मधुसूदनरावांनी आभार मानून ते परत दिले.

"औरंगपुऱ्यात जाऊन नवं घेऊन येतो," ते घरात येऊन म्हणाले.

"आत्ता? झेंडूच्या गर्दीत?" सरोजिनीबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. "सकाळपासून पोटात साबुदाण्याखेरीज काही नाही. चक्कर येऊन पडाल, मग गाडी राहील आणि तुम्हीच जाल."

"एक रात्र राहू द्या, बाबा. कोणाला माहीत आहे की आज कुलपं सुट्टीवर आहेत?" मीनाक्षी म्हणाली. तिच्या बोलण्यात काळजीचा लवलेश नव्हता. मधुसूदनरावांना ते खटकले. गाडी गेली तर काय होईल हे तिनेच तर सांगितले होते.

त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, ठोकळा स्टँडखाली नीट सरकवला, फाटकाची कडी घातली, आणि पुढच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून खाट टाकली. जागे राहायचे असा त्यांचा बेत होता. पण दिवसभराची घासपूस आणि रिकामे पोट यांच्यापुढे त्यांचे काही चालले नाही. पाठ टेकताच त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी उजाडता उजाडता त्यांनी खिडकीतून पाहिले, तर पोर्च रिकामे होते.

अशा वेळी दुसरा कोणी ओरडला असता. मधुसूदनराव चष्मा लावून बाहेर आले आणि काही हलवायच्या आधी त्यांनी सगळे नीट पाहून घेतले. ताडपत्रीची घडी घालून ती पायरीवर ठेवलेली होती. ठोकळा भिंतीला टेकवून उभा केलेला होता. फाटक बंद होते आणि कडी बाहेरून हात घालून पुन्हा घातलेली होती. चोर घडी घालत नाही. त्यांनी आत जाऊन पाहिले. मीनाक्षीचे हेल्मेट नव्हते, दवाखान्याची बॅग नव्हती. पाटावरच्या सुया आणि कात्री मात्र जागच्या जागी होत्या. गाडीची चावीही नव्हती. पाटावर जिथे ती ठेवली होती तिथे कुंकवाचा तेवढा ठसा उरला होता. म्हणजे मुलीने पूजेतली नेमकी एकच वस्तू उचलली होती.

पहिल्यांदा त्यांना हायसे वाटले. मग थोडा राग आला, की पूजा मोडली. आणि मग, राग ओसरल्यावर, एक विचार हळूहळू वर आला आणि तो मात्र ओसरला नाही: ती गेली, आणि तिने मला उठवले नाही. उठवायची गरजच पडली नाही.

फोन लावला तर तिने उचलला नाही. सरोजिनीबाईंनी दाराला झेंडूचे तोरण बांधले, पुरणाची डाळ शिजत ठेवली आणि नवऱ्याकडे एकदा पाहून म्हणाल्या, "येईल. बसा. फाटकाकडे बघून गाडी लवकर येत नाही."

गाडी आली तेव्हा उन्हे चांगली वर आली होती. मीनाक्षीचे कोपरापर्यंतचे हात धुतलेले होते, पण कुडत्याला शेणामातीचे डाग होते. मागे एक वाळलेल्या अंगाचा, पांढऱ्या टोपीचा माणूस कडीचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता.

"हे फकिरामामा," मीनाक्षी म्हणाली. "यांच्याच वस्तीवर गेले होते. म्हैस अडली होती. मुकुंदवाडीला लेकीकडे सोनं द्यायला निघाले होते, म्हटलं चला माझ्यासंगं."

"राम राम, साहेब." फकिराने डबा सरोजिनीबाईंपुढे केला. "चीक आणलाय, वहिनी. खरवस करा. पारडू आडवं आलतं, ताईनं हात घालून सरळ केलं बगा. पारडी झाली, पारडी! दोघी ठणठणीत."

मधुसूदनरावांनी त्याला आत बसवले. फकिराची मान देवघराकडे वळली आणि तो पाटावरच्या मांडणीकडे कौतुकाने बघू लागला.

"ताई आज लई येळेवर पोचल्या, साहेब. म्या फोन ठिवला अन् वाटंला दिवा घिऊन हुबा राह्यलो, तं गाडीचा उजेड आलाच. मागल्या टायमाला राखीच्या आधी गाय फुगली व्हती, तवा मातर..."

"मामा, चहा घ्या," मीनाक्षी मध्येच म्हणाली.

"घेतो की. तवा मातर गाय हातची गेली. ताईंचा काय दोष नाय, आभाळच वंगाळ. ताई म्हनल्या, घरची कुलपं लई, निघंनात लवकर." फकिराची नजर साखळदंडावर स्थिर झाली. त्याने हात जोडून त्याला नमस्कार केला. "हीच व्हय ती? पूजा बी करता ह्यांची! बरं करता, साहेब. लई जपणूक हाय तुमची."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मधुसूदनरावांना जास्त लागले. त्यांना ती पहाट आठवली. आदल्या दिवशी त्यांनी कुलपांना तेल घालून चाव्यांच्या जागा बदलल्या होत्या, आणि पहिल्यांदा लावली ती चावी चुकीची निघाली होती. मीनाक्षी हेल्मेट घालून उभी होती. संध्याकाळी परत आल्यावर "रस्ता खराब होता" एवढेच म्हणाली होती, आणि जेवली नव्हती.

फकिराने चहा बशीत ओतून घेतला, फुंकर घातली आणि घरच्यासारखे सांगितले, "खोली सारवून ठिवली बरं का, ताई. भावाची हाय, रिकामीच पडली व्हती. कवाडाला नवी कडी बी बसवली. दिवाळी झाली की सामान घिऊन या."

स्वयंपाकघरातून पळीचा आवाज येत होता तो थांबला. मीनाक्षी खाली बघत होती.

गाडी शाबूत होती. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. आणि मुलगी तरीही चालली होती.

चहा संपवून फकिरा लेकीकडे निघून गेला. मग मधुसूदनराव म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"काय सांगू, बाबा? तुम्ही गुडघे टेकून बसता त्या ओल्या फरशीवर. तुम्हाला वाटतं तुम्ही माझ्यासाठी करताय. आणि करताच की." तिने कुडत्यावरचा वाळलेला डाग नखाने खरवडला. "पण प्रत्येक वेळी मला तुम्हाला उठवावं लागतं. आणि तिकडं जनावर थांबत नाही."

मधुसूदनरावांनी मान हलवली. त्यांनी सोवळे नेसून उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या, पाट हलवला. मग साखळदंड आणि कुलपे पोर्चमध्ये नेऊन ठेवली आणि मीनाक्षीला हाक मारली.

"पहाटे फोन आला असं समज. तू निघ. मी इथं उभा राहतो, हात लावत नाही."

"आत्ता? पुरण गार होईल."

"होऊ दे. कसं निघतेस ते मला बघायचंय."

सगळी कुलपे त्यांनी नेहमीसारखी लावली. मीनाक्षी आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. एका खांद्याला बॅग, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात औषधांचा थंड डबा. कुलपापाशी पोचेपर्यंत तिच्याकडे एकही हात मोकळा नव्हता. डबा जमिनीवर ठेवावा तर तो कलंडत होता. ती उकिडवी बसली तेव्हा बॅग घसरून साखळदंडावर आली. चौथे कुलूप काढताना हेल्मेट गडगडत फाटकापर्यंत गेले आणि भिंतीपलीकडून काकासाहेब म्हणाले, "दसऱ्याची कवायत चालू हाय व्हय?"

मधुसूदनराव हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. ते खजील झाले होते. टूलरूममध्ये कोणतेही साधन आखण्याआधी ते कागदाला हात लावत नसत. आधी यंत्रावरच्या कारागिराशेजारी जाऊन उभे राहत आणि तो काम कसा करतो ते मुकाट्याने पाहत. नव्या मुलांना त्यांनी पहिला धडा दिला तो हाच. चोर कसा येईल याचा त्यांनी कितीतरी विचार केला होता. मुलगी कशी निघेल हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिले.

"तुला काय पाहिजे ते सांग," ते म्हणाले.

मीनाक्षीने कपाळावरचा घाम पुसला. "एक कुलूप. कमरेच्या उंचीवर. एका हाताने उघडणारं. आणि चावी माझ्याकडे."

"एकच?"

"एकच, बाबा."

त्यांच्या तोंडावर आलेले उत्तर त्यांनी गिळले. एका कुलपाने धोका वाढतो, हे हिशेबाने खरे होते. पण हिशेबात आणखी एक बाजू होती आणि ती त्यांनी आजवर मांडलीच नव्हती. चोराला जितका वेळ लागेल तितका लागो. मीनाक्षीला मात्र त्यापेक्षा कमी लागला पाहिजे.

पुढच्या काही दिवसांत जमिनीतली सळई त्यांनी गॅसने कापून काढली. भिंतीत, हँडलखाली हात सहज पोचेल अशा उंचीवर, दुसरी कडी बसवली. तिच्या शेजारी डबा ठेवायला लोखंडी कोनाडा आणि हेल्मेटला आकडा केला. साखळदंड आखूड केला. प्रत्येक गोष्ट भिंतीत पक्की करण्याआधी मीनाक्षीला उभे करून तिचा हात कुठे जातो ते पाहिले. "उंच झालं." "आता बरोबर." "डबा उजवीकडे पाहिजे, बाबा, मी डावखुरी आहे हे तुम्हालाच माहीत नाही का?" चाव्यांची फळी त्यांनी उतरवली. खोलीबद्दल मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. ज्या गोष्टीसाठी त्यांनी हे सगळे आरंभले होते, तीच विचारायचा आपल्याला आता हक्क उरला नाही, असे त्यांना वाटत होते.

दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी सकाळी फकिराचा फोन आला. पारडीला हगवण लागली होती. मीनाक्षी निघाली तेव्हा मधुसूदनराव चपला घालून पोर्चमध्ये उभे होते.

"मी येऊ का मागे बसून? बघतो फक्त. हात लावणार नाही."

"हेल्मेट घाला," ती म्हणाली.

झाल्टा फाट्यापासून आत वळल्यावर वाट खरोखरच खराब होती. दोन्हीकडे काढणी झालेल्या मक्याची धाटे उभी होती. वस्तीवर पोचताच मीनाक्षीने गाडी लिंबाखाली उभी केली, बॅग उचलली आणि ती गोठ्याकडे धावली. चावी गाडीतच राहिली. मधुसूदनरावांचा हात आपसूक तिकडे गेला. त्यांनी आजूबाजूला पाहिले. अंगणात कोंबड्या होत्या, बाजेवर एक म्हातारी मका सोलत होती आणि ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. गाडी तशीच सोडून ते गोठ्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

पारडी कानाएवढी लांब जीभ काढून ओरडत होती. मीनाक्षीने तिला गुडघ्यांत धरले, एका हाताने तोंड उघडले, दुसऱ्याने औषध घातले, आणि हे सगळे करताना ती तिच्याशी बोलत होती. घरी जेवताना ज्या हकिकती ते ऐकत, त्या सांगताना तिचा आवाज असा कधी नसे. मधुसूदनराव बघत राहिले.

काम संपवून ती हात धुवायला बाहेर आली. आभाळ भरून आले होते आणि फकिरा अंगणातला मक्याचा ढीग ताडपत्रीने झाकायची धडपड करत होता.

"एवढी कणसं बाहेर काहून ठेवलीत, मामा?" तिने विचारले.

"घरात जागा कुठं हाय, ताई? औंदा माल बरा झाला."

"भावाची खोली आहे की."

"ती तुमच्यासाठी ठिवली नव्हं?"

मीनाक्षीने ओंजळभर पाणी तोंडावर मारले. वडिलांकडे तिने पाहिले नाही.

"तिच्यात मका भरून टाका, मामा. मी घरूनच येत जाईन. आता निघायला वेळ लागत नाही."

फकिराने आधी तिच्याकडे आणि मग साहेबांकडे पाहिले. पावसाचा पहिला थेंब ताडपत्रीवर पडला. मधुसूदनरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, हात लावणार नाही हे आपले वचन त्यांच्या ध्यानातही राहिले नाही, आणि त्यांनी वाकून कणसांची पहिली टोपली उचलली.

"खोली कोणती?" त्यांनी विचारले.